बदलीचा आदेश आणि अपडाऊनचा हिशेब

मागल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. एक शिक्षक दवाखान्यात आले. वय पस्तिशीच्या आतले, अंगकाठी चांगली, व्यसन नाही. कंबर धरून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एखादी कडक गोळी द्या, शाळेची वेळ होते आहे." तपासले. पाय उचलून पाहिला, मांडीमागून कळ जात होती. विचारले, राहता कुठे? म्हणाले, "चंद्रपूरला. इथे बदली झाली ना, अपडाऊन करतो." चहा घेतो म्हणावे इतक्या सहजपणे त्यांनी ते सांगितले. किती दिवस झाले? आठ महिने. कशाने? मोटारसायकलने. मी म्हटले, गोळी देतो, पण दुखणे कमरेत नाही, रस्त्यात आहे.

वाचकहो, आपल्या भागात 'अपडाऊन' हा शब्द आता मराठीच झाला आहे. शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, बँकेचे कारकून, सिमेंट कारखान्यातले कामगार, महाविद्यालयातली मुले, सगळे अपडाऊन करतात. आवारपूर, उपरवाही आणि खुद्द गडचांदूर येथील कारखान्यांमुळे हे गाव वाढले. बाहेरून माणसे आली, अजून येत आहेत. कायम नोकरीवाल्याला वसाहतीत घर मिळते. कंत्राटी माणसाला, बदलून आलेल्या सरकारी नोकराला ते मिळत नाही. त्याने किरायाने खोली शोधायची, नाहीतर चंद्रपूर, बल्लारपूर, राजुऱ्याहून रोज यायचे. उलटही आहे. गडचांदूरचा मुलगा चंद्रपूरला नोकरीला लागतो, घर शेती इथे, म्हणून तो रोज तिकडे जातो. आणि आमची पोरे पुण्याला जातात, तिथे कंपनी एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला घेऊन बसतात. प्रश्न सगळीकडे एकच आहे. नव्या गावी जाताना माणूस घराचा किराया विचारतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो, मुलांची शाळा पाहतो. रोजच्या जाण्यायेण्याचा विचार मात्र 'पाहू पुढे' म्हणून सोडून देतो. माझे मत असे की हा विचार पहिला करावा आणि घर त्यानंतर ठरवावे.

त्या शिक्षकांपुढे मी कागद ओढला. चंद्रपूर ते गडचांदूर कोणत्याही रस्त्याने धरा, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन नव्वद. महिन्याचे कामाचे दिवस चोवीस धरले तर दोन हजार एकशे साठ किलोमीटर. एका वेळेला सव्वा तास लागतो, म्हणजे दिवसाचे अडीच तास, महिन्याचे साठ तास, वर्षाचे सातशेवीस. सातशेवीसला चोवीसने भागा. वर्षातले पूर्ण तीस दिवस आणि तीस रात्री हा माणूस मोटारसायकलच्या सीटवर बसलेला असतो. सुट्ट्या वजा केल्या तरी तीन आठवड्यांच्या खाली येत नाही. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. गाडी पन्नासची सरासरी देते असे मानले तरी महिन्याला त्रेचाळीस लिटर. साडेचार हजारांच्या घरात नुसते पेट्रोल गेले, टायर, ऑइल, चेन वेगळे. ते गप्प झाले. मग म्हणाले, "पण साहेब, मुलगी चंद्रपूरच्या शाळेत आहे, बायकोची नोकरी तिथे आहे." हेही खरेच आहे. अपडाऊन करणारा प्रत्येक माणूस हौसेने करत नाही, हे मी जाणतो. मी स्वतः उमेदवारीच्या काळात पाच वर्षे केले आहे आणि माझ्या कमरेचा पट्टा अजून कपाटात आहे.

शरीर या प्रवासाचे काय करते, ते थोडे समजून घेऊ. मणक्यांच्या मधे गादीसारख्या चकत्या असतात. बसल्यावर त्यांच्यावरचा दाब उभे राहण्यापेक्षा वाढतो, आणि त्यात गाडीची सततची थरथर व खड्ड्यांचे धक्के मिळाले की त्या लवकर झिजतात. कोळशाच्या आणि सिमेंटच्या जड वाहनांनी रस्त्याची जी गत होते ती वाचकांना मी सांगायला नको. त्यात पाठीवर जड बॅग आणि पँटच्या मागल्या खिशात फुगलेले पाकीट. या पाकिटाची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण रोज अडीच तास एका कुल्ल्याखाली वीट ठेवून बसल्यासारखे ते आहे. पाकीट पुढल्या खिशात, बॅग टाकीवर किंवा मागे बांधलेली, आणि अर्ध्या वाटेवर राजुऱ्याला पाच मिनिटे उतरून चालणे, एवढ्यानेही बऱ्याच जणांची कंबर सुधारलेली मी पाहिली आहे.

कंबर बोलते म्हणून कळते. रक्तदाब बोलत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात चार हजारांवर नोकरदारांची तपासणी करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घर ते कचेरी हे अंतर जितके जास्त, तितकी त्या माणसांची दमश्वासाची ताकद कमी आणि कमरेचा घेर मोठा आढळला. एकेरी अंतर दहा मैलांच्या, म्हणजे सोळा किलोमीटरच्या वर गेले की रक्तदाब जास्त असण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. तिकडे गुळगुळीत रस्ते आणि थंड हवेच्या मोटारी होत्या, हे लक्षात घ्या. त्याहून जुना आणि मला फार आवडणारा दाखला लंडनचा. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. बस तीच, रस्ता तोच, पण चालक दिवसभर बसून आणि वाहक जिन्यावरून वरखाली करणारा. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. बसून राहणे हीच एक दगदग आहे, हे वैद्यकशास्त्राला पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवले ते त्या बसवाल्यांनी. आपला अपडाऊनवाला सकाळी अडीच तासांतला अर्धा वाटा बसतो, कचेरीत बसतो, संध्याकाळी पुन्हा बसतो, घरी गेल्यावर दूरदर्शन संचापुढे बसतो. व्यायाम करा म्हटले की उत्तर ठरलेले, "वेळ कुठे आहे?" वेळ रस्त्याने खाल्ला.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. नव्या गावी रुजू व्हायचे ठरले की आपण रविवारी सहकुटुंब जाऊन घर पाहतो. रविवारचा रस्ता मोकळा असतो, मन प्रसन्न असते, वाटेत भजी खाल्लेली असतात. 'तासाभराचाच तर रस्ता आहे' असे म्हणून परत येतो. ही फसवणूक आहे. रस्ता पाहायचा तर कामाच्या वाराला, कामाच्या वेळेला पाहावा. ज्या पाळीला जायचे त्याच पाळीच्या वेळी निघावे आणि सुटण्याच्या वेळी परत यावे, ज्या साधनाने रोज जाणार त्याच साधनाने. एकदा नव्हे, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्यावर मुलावर खेकसावेसे वाटले की नाही, हे स्वतःच स्वतःला विचारावे. स्वित्झर्लंडमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी, फ्राय आणि स्टुत्झर यांनी, जर्मनीतील लोकांची माहिती तपासून २००८ साली असे मांडले की लांबचा प्रवास करणारी माणसे आयुष्यात कमी समाधानी असतात आणि चांगला पगार किंवा मोठे घर त्याची पुरती भरपाई करत नाही. घर मोठे असल्याचे सुख चार महिन्यांत सवयीचे होते. रस्त्याची सवय मात्र होत नाही, कारण तो रोज नवा त्रास देतो.

आणि आपल्याकडे रस्ता हंगामाप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात घर पाहून पावसाळ्याचा विसर पडलेले कितीतरी लोक आहेत. गडचांदूर आणि चंद्रपूर यांच्या मधे वर्धा नदी आहे, हे नकाशावर निळी रेघ दिसते तेवढेच नाही. जुलै २०२२ च्या पुरात राजुरा-बल्लारपूर मार्ग पाण्याने बंद झाला आणि भोयगावकडला मार्गही बंद झाला. म्हणजे नेहमीच्या दोन्ही वाटा एकाच वेळी गेल्या. ज्यांची औषधे चंद्रपूरला आणि शरीर गडचांदूरला अशी माणसे त्या दिवसांत माझ्याकडे आली. इन्सुलिन घरी, माणूस इकडे. तेव्हापासून मी मधुमेही, रक्तदाबाच्या आणि फिट येणाऱ्या रुग्णांना आग्रहाने सांगतो की पाच दिवसांची औषधे कामाच्या ठिकाणीही ठेवा, आणि पुराच्या दिवसांत मुक्काम करता येईल असे एक घर आधीच बोलून ठेवा. पुलावरून पाणी वाहत असताना 'गुडघाभरच आहे' म्हणून गाडी घालणारे शूर नसतात. वाहत्या पाण्यापुढे मोटारसायकल काडीसारखी जाते.

उन्हाळ्याचे वेगळेच. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे आता बातमी राहिलेले नाही. नवतपात दुपारी दोनला सुटून मोटारसायकलने घरी निघालेला माणूस तोंडावर भट्टीची झळ घेत सव्वा तास चालतो. खिशात कांदा ठेवण्याला माझी ना नाही, पण बाटलीत पाणी हवेच. डोक्याला-कानाला दुपट्टा, त्यावर हेल्मेट. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे पाणी घरी कुणालाही करता येते. ताक, पन्हे उत्तमच. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे सुरू झाले की गाडी थांबवून सावलीत बसावे. बरळणे सुरू झाले किंवा शुद्ध हरपू लागली की तो उष्माघात समजावा, अंग ओले करावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पुरुष वाचकांनी ती वगळू नये. अपडाऊन करणाऱ्या बाया पाणी पीत नाहीत. सकाळी घरून निघताना पीत नाहीत, वाटेत पीत नाहीत, कामाच्या ठिकाणीही दुपारनंतर पीत नाहीत. कारण विचारले तर खाली बघतात. वाटेत स्वच्छ संडास-मुतारी मिळत नाही, हे कारण. लघवी तुंबवून धरायची आणि पाणी तोडायचे, याचा परिणाम म्हणजे लघवीची जळजळ, वारंवार संसर्ग, थंडी वाजून ताप. उन्हाळ्यात मुतखड्याची भर. एक परिचारिका भगिनी, स्वतः रोज दुसऱ्यांना सलाईन लावणारी, वर्षात चार वेळा या दुखण्याने माझ्याकडे आली. तिला मी प्रतिजैविक दिले खरे, पण मनातून मला माहीत होते की हे औषध चुकीच्या जागी जात आहे. ते बसस्थानकावर द्यायला हवे. मार्ग ठरवताना बायांनी, आणि त्यांच्यासोबत घरच्यांनी, वाटेत कोणत्या ठिकाणी स्वच्छतागृह आहे, ओळखीचे घर आहे, हे पाहून तोच थांबा धरावा. गर्भवती भगिनींनी तर शेवटच्या तीन महिन्यांत हा प्रवास टाळावा. नियमाने रजा मिळते, ती प्रसूतीनंतरसाठी राखून ठेवण्याच्या मोहाने अनेकजणी नवव्या महिन्यापर्यंत खड्ड्यांतून येतात.

बस की मोटारसायकल? माझे मत बसच्या बाजूने आहे, तक्रारी ठाऊक असूनही. एस.टी. उशिरा येते, भरून येते, कधी येतच नाही. २०२१ च्या शेवटी सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तेव्हा या भागातल्या मुलांचे आणि नोकरदारांचे जे हाल झाले ते विसरण्यासारखे नाहीत. तरी बसमध्ये डोळे मिटता येतात, वाचता येते, धूळ निम्मी लागते आणि मुख्य म्हणजे ट्रकच्या मागून ओव्हरटेक करण्याची बुद्धी होत नाही. मासिक पासाला वीस दिवसांचे भाडे भरून महिनाभर जाता येते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे. बसमध्ये शेवटचे आसन टाळावे, दोन चाकांच्या मधली जागा धरावी, तिथे धक्के कमी. ज्यांना मोटारसायकलच परवडते त्यांनी हेल्मेट चंद्रपूरच्या चौकातल्या पोलिसासाठी घालू नये. मागे बसणाऱ्यालाही डोके असते. आणि अंधार पडायच्या आत घर गाठावे. आपल्या रस्त्यांवर रोही आणि रानडुक्कर आडवे येतात, त्यांना दिव्याची खूण कळत नाही.

रात्रपाळीवाल्यांना वेगळे सांगायचे आहे. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हातापायांवरचे नियंत्रण रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढिले होते. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दिवसभर घरची कामे, लग्नकार्ये उरकून रात्रपाळी केलेला आणि सकाळी सहाला गाडीला किक मारणारा माणूस एक थेंब न पिता प्यायलेलाच असतो. त्याच्या हातात गाडी देऊ नये. यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे पानठेल्यावर थांबून खर्रा घोटून घेणे. झोप उडते म्हणतात. झोप थोडा वेळ उडते, सवय मात्र आयुष्यभर बसते. अपडाऊनमुळे खर्रा लागला असे सांगणारी आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त न उघडणारी तरुण माणसे मी तपासली आहेत. कामाच्या ठिकाणीच वीस-तीस मिनिटे डोळा लावून मग निघावे. घरी अर्धा तास उशिरा पोचाल, एवढेच.

घर जवळ घ्या, असा सल्ला देताना मला एक अडचण येते. जवळ घेतले म्हणजे गडचांदूरची धूळ आली. दम्याचा रुग्ण असलेले मूल घेऊन कारखान्याच्या अगदी लगत राहा, असे मी सांगणार नाही. पण चंद्रपूरला राहून हवा चांगली मिळते, हा समजही सोडावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. वर जाता-येता ट्रकच्या मागची धूळ अडीच तास. त्यापेक्षा गावाच्या आतल्या बाजूला, हमरस्त्यापासून दूर, झाडे असलेल्या वस्तीत खोली पाहावी, आणि कामाच्या ठिकाणी सायकलने किंवा पायी जाता येईल इतपत अंतर ठेवावे. पायी वीस मिनिटे हे अंतर मला सर्वांत चांगले वाटते. जाणे-येणे मिळून चाळीस मिनिटांचे चालणे झाले, वेगळा व्यायाम नको.

काहींना निवड नसते. जिवतीच्या डोंगरावरून शिकायला खाली येणाऱ्या कोलाम-गोंड मुलींना मी कोणत्या तोंडाने सांगू की अंतर कमी करा? त्यांच्यासाठी वसतिगृहाची खाट हाच उपाय आहे आणि तो त्यांच्या हातात नाही. सरकारी नोकराने मुख्यालयी राहावे, हा नियम आहे. त्यावरून वर्तमानपत्रात अधूनमधून वाद रंगतो. शिक्षक राहत नाहीत म्हणून एक बाजू ओरडते, घरे कुठे आहेत म्हणून दुसरी. मला दोघांचेही पटते, पण वैद्य म्हणून मी मुक्कामाच्या बाजूचा आहे. राहायला धड घर द्या आणि मग नियमाचा बडगा दाखवा. आरोग्य केंद्राच्या आवारातले गळके निवासस्थान दाखवून परिचारिकेला 'इथे का राहत नाही' विचारणे मला बरे वाटत नाही. रात्री साप चावलेला माणूस आला आणि कुणीच मुक्कामाला नसले तर काय होते, हेही मी पाहिले आहे.

त्या शिक्षकांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्यांनी शाळेजवळ एक खोली किरायाने घेतली, दोघांत मिळून. सोमवारी सकाळी बसने येतात, बुधवारी संध्याकाळी घरी जाऊन गुरुवारी येतात, शनिवारी शाळा सुटली की परत. आठवड्याला बारा फेऱ्यांच्या जागी चार. पेट्रोलच्या पैशांत खोलीचा किराया निघतो, वर काही उरते. मुलगी पहिल्या महिन्यात रुसली होती, आता बुधवारची वाट बघते. कंबर पूर्ण बरी नाही, पायातली कळ मात्र गेली. परवा आले ते कमरेसाठी नव्हे, तर खोलीतल्या सोबत्याला खोकला आहे म्हणून घेऊन. तो अजून राजुऱ्याहून मोटारसायकलने अपडाऊन करणाऱ्या एका मित्राला सोबत घेऊन आला होता. त्याची कंबर पुढल्या बुधवारी पाहायची आहे.